म्हादबा, तुझी दोरी आता दुसऱ्याच्या हातात हाय

म्हाद्या, प्लेट अजून तशीच हाय.

तुझं दिवसकार्य झालं, पै-पावणं आपापल्या गावाला गेलं, दारातला मांडव सुटला, आन् ती लोखंडी प्लेट अजून पाण्याखाली तशीच बसलीया. सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात. कुणी स्पष्ट बोलत न्हाई, त्येचाच जास्त ताप हुतोय. शिव्या दिल्या असत्या तर मी बी चार हासडल्या असत्या आन् मोकळा झालो असतो.

सकाळपासनं काठावर बसलोय. समोर आपली जॅकवेल उभी हाय धरणाच्या फुगवट्यात, निम्मी पाण्यात, निम्मी वर. हिला आपण पायापासनं बघितलीया. मातीचा बांध घालून आतलं पाणी उपसलं, खड्डा मारला, तवा तू काठावर तंबाखू मळत म्हणलास, "दस्त्या, एवढी मोठी विहीर बांधायची आन् हिचं पाणी आपल्याला प्यायला न्हाई." मग काँक्रीटचं एक-एक कडं वर चढत गेलं, बांध फोडला, पाण्यानं तिला चारी बाजूंनी कवळा घातला. आता वर पंप बसलं, मोटारी बसल्या, रंग दिऊन झाला. पाइप पार गावापातूर गेलीया. राहिली ती एक प्लेट. विहिरीच्या बुडाशी पाणी आत घ्यायचं तोंड हाय, त्येच्यावर ती बोल्टांनी आवळलीया, काम चालू असताना धरण आत घुसू नये म्हणून. ती काढली की पाणी विहिरीत, विहिरीतनं पाइपात, पाइपातनं गावात. ती काढायला पाणबुड्या लागतोय. आन् पाणबुड्याला वर दोरी धरणारा लागतोय.

दोरी धरणारा भाजीच्या बाजारात मेला.

ह्येचा मला लई राग हाय, सांगून ठेवतो. नावाड्याच्या घरात जल्मलास. बापानं कृष्णेच्या ह्या काठाची माणसं त्या काठाला घातली, पूल झाला आन् नाव उन्हात वाळली, तवा तू माझ्यासंगं आलास. शेतकऱ्यांच्या पुरात बुडालेल्या पाण्याच्या मोटारी काढल्यास, पाइपाच्या बुडाशी गाळात अडकलेलं फूट व्हॉल्व्ह सोडवलंस, किती गावांच्या विहिरींवर दोरी धरून उभा राहिलास. पाण्याला कधी तुझ्या केसाला धक्का लावता आला न्हाई. आन् गेलास कुठं, तर कुरुंदवाडच्या बाजारात, हातात मेथीची पेंडी धरून. वैनी म्हणत हुत्या, भाजीवालीसंगं घासाघीस चाललीवती. बोलता बोलता खाली बसलास. तिला वाटलं म्हातारा रुसला. ती म्हणाली, "उठा की ओ आजोबा, द्येते तुमच्या भावानं." तू काय उठला न्हाईस.

असं जातंय व्हय कुणी, मर्दा?

आपलं ठरलं हुतं. ही प्लेट शेवटची. ही निघाली की दोघांनी एकदमच सोडायचं. मी म्हणायचो आधी तू सोड, तुझं गुडघं गेल्यात. तू म्हणायचास आधी तू सोड, तुझं कान गेल्यात. त्यावरनं बी आपलं वाजायचं. शेवटी रजियानंच मिटवलं. ती म्हणाली, "दोघंबी एकाच दिशी घरात बसा, म्हंजे मी आन् वैनी एकाच दिशी येड्या हू." बायकोचं तोंड माझ्या घरात तुझ्यापेक्षा धारदार हाय, तवा तू गप ऐकून घेतलंस.

आता मी एकटा कसा सोडू आन् एकटा कसा उतरू, ह्येच काय सुचेना झालंय. दमलोय म्हाद्या. अंग दुखतंय ते न्हवं, ते तर कायमचंच. आतनं दमलोय. कुणी "लई वाईट झालं" म्हणलं की "व्हय" म्हणायचा बी कटाळा येतोय.

लोकास्नी वाटतंय पाण्यात उतरणारा शूर. खाली काय शूरपणा असतोय? गाळात डोळं उघडं काय आन् मिटलं काय, सारखंच. हातानं बोल्ट चाचपायचा, पाना लावायचा, फिरवायचा. खाली मी आन् वर जग, मधी एक दोरी. एक झटका आला म्हंजे "ठीक हाय का?" आपण एक झटका द्यायचा, "ठीक." दोन म्हंजे ढील दे. तीन म्हंजे वर घे. एवढीच आपली भाषा. पण तुझी खोड लई वाईट. तू सारखा इचारायचास. पाना बोल्टावर नीट बसवावा, जोर लावावा, आन् नेमकं तवाच तुझा झटका. पाना हातातनं निसटायचा आन् गाळात जायचा. तो हुडकण्यात निम्मा जीव जायचा. वर आलो की मी बोंबलायचो, "मर्दा, काम करू दे की जरा! ठीक हाय का, ठीक हाय का! मी काय बाळंतीण हाय?"

तुझं उत्तर ठरलेलं. "मला वरनं काय दिसतंय? नुसतं बुडबुडं. बुडबुडं म्हशीचं बी येत्यात."

मग ह्या कामावर मॅडम आल्या. इंजिनिअर, वयानं आपल्या पोरींएवढ्या, पण कामाला पक्क्या आन् माणसाला धरून. त्यांनी फोनचं हेल्मेट आणलं. खाली मी बोललो की वर तराफ्यावरच्या डब्यातनं सगळ्यास्नी ऐकू येतंय, वरची बोलली की माझ्या कानात. मी खूश. जल्मभर मुक्यागत काम केलेला माणूस, मला पयल्या दिशी खाली काय बोलावं तेच कळंना. तुझं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यागत झालं. नियमानं दोरी बी ठेवायचीच हुती, तुझं काम काय गेलं नव्हतं. तरी रुसलास. मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "म्हादबा, आता तुम्हाला निवांत." तू म्हणालास, "निवांत बसायला मी देवळात जाईन की."

जेवताना मी तुला डिवचलं. तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणलास, "दस्त्या, तोंड खोटं बोलतंय. दोरीला बोलताच येत न्हाई, मग ती खोटं काय बोलंल?"

"खुळ्या, मी पाण्याखाली कशाला खोटं बोलू?"

"वर कशाला बोलतोस? रजिया फोनवर इचारतीया जेवला का, तू उपाशी असून व्हय म्हणतोस."

सुंभ जळला तरी पीळ जाईना, असलं तुझं. फोन आला तरी तुझं झटकं चालूच. कानात मॅडम इचारणार, "दस्तगीरभाई, ठीक?" मी म्हणणार ठीक. लगेच कमरंला तुझा झटका. त्याला बी ठीक म्हणायचं. खाली मला दोन-दोन सासवा झाल्या.

आन् मग ती अम्मीची गोष्ट. अम्मी गेली आन् मी लगेच कामावर आलो. घरात बसवत नव्हतं. तू म्हणलास चार दिस थांब, मी म्हणलो कशाला. उतरलो. खाली काय झालं न्हाई. हवा बरोबर, पाणी बरोबर, फोनवर मी ठीक म्हणत हुतो, वर सगळी ऐकत हुती. आन् तू कुणाला न इचारता मला वर ओढून घेतलास! तराफ्यावर सगळी तुझ्याकडं बघाय लागली. मॅडम म्हणाल्या, "म्हादबा, काय झालं? ते तर ठीक म्हणत होते." तू दोरीचं येटोळं घालत म्हणलास, "दोरी बरी लागली न्हाई."

बस. एवढंच. निम्मा दिवस गेला कामाचा. मी तुला काय काय बोललो ते मी परत बोलत न्हाई, पण ते बरोबर हुतं. मला काय झालं नव्हतं. तू ऐकून घेतलंस आन् चहा पिताना म्हणलास, "तू ठीक नव्हतास."

तवापासनं ह्येच. चहाला, जेवताना, एसटीत. मधीच तुझी तार लागायची. "त्या दिशी तू ठीक नव्हतास." "हुतो." "नव्हतास." शेवटच्या खेपेला सुट्टीवर निघालास तवा मी तुला स्टँडवर सोडाय आलतो. खिडकीतनं डोकं बाहेर काढून, गाडी सुटता सुटता, "नव्हतास!" मी खालनं वरडलो, "हुतो रं बाबा, हुतो!" कंडक्टर हसाय लागला. तू बी हसत हुतास.

गाडी गेली. आपलं शेवटचं बोलणं ते. माणसं जाताना पोराबाळांचं बघ म्हणत्यात, देवाचं नाव घेत्यात. तू मला "नव्हतास" म्हणून गेलास.

तुझ्या घरी गेलतो. वैनीस्नी सांगितलं मी तुझ्या चोरीचं, म्हणून आधी माफी मागतो. त्या साड्या घड्या करत बसल्या हुत्या. एकेका साडीचा पदर मला दाखवाय लागल्या. "बघा की भाऊजी, एका बी साडीच्या पदराला कोपरा न्हाई. जल्मभर मी शेजारणीच्या शेरडाला शिव्या घातल्या." मला हसू आवरंना. असल्या घरात हसू आलं म्हणून लाज वाटली, पण आलं. मग सांगावंच लागलं. म्हणलो, वैनी, शेरडाचा काय दोष न्हाई. पाण्याखालच्या तोंडाशी जायच्या आधी ओढ हाय का न्हाई ते बघावं लागतंय. आत पाणी कमी आन् बाहेर जास्त असलं की बारीक फटीतनं धरण आत घुसतंय. त्या फटीत हात गेला तर हात सुटत न्हाई, माणूस बी सुटत न्हाई. म्हणून लांब काठीला चिंधी बांधून म्होरं धरायची. चिंधी हलली तर माघारी फिरायचं. दुसऱ्या कापडाची चिंधी म्हादबाला पटायची न्हाई. म्हणायचा, आमच्या हिच्या वॉयलच्या पदराएवढं हलकं कापड दुनियेत न्हाई.

वैनी हसल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. "मला सांगितलं असतं तर मी काय न्हाई म्हणले असते व्हय?" मग अंगावरच्या साडीचाच पदर दातात धरून कोपरा फाडला आन् माझ्या हातात दिला. "कधी हाय काम?"

"बघू," मी म्हणलो.

"बघू काय? ज्या गावाला पाणी जायचं तितंच तुमची थोरली दिलीया न्हवं? घागरी घिऊन टँकरच्या मागं पळतीया पोरगी. ह्येंच्यासाठी थांबला असशीला तर थांबू नगा. ह्ये काय आता येत न्हाईत."

अशी सरळ बोलली तुझी बायको. तुझ्याच तालमीतली.

ते बी काय खोटं न्हाई. थोरलीचा फोन येतोय. आधी "अब्बा, पाणी कधी येणार?" म्हणायची. तू गेल्यापासनं तेवढं सोडून बाकी सगळं इचारतीया. मॅडम बी तशाच. म्हणाल्या, "तुमचं मन झालं की सांगा. नाहीच झालं तर दुसरी टीम बोलावू, तुमच्यावर काही नाही." असं कुणी म्हणलं की माणूस जास्त अडकतो.

दोरी धराय गडमुडशिंगीचं एक पावणं आल्यात. सर्जेराव नाव. अंगानं रुंद, बोलायला कमी. समुद्रावर काम केलेला माणूस, हातात कसब हाय. मी मुद्दाम खोट काढाय बघितली, गाठ बघितली, येटोळं बघितलं. एक चूक सापडंना. म्हणून आणखीनच राग आला. मी म्हणलो, "पावणं, एक सांगतो. लई इचारत बसू नका. कामापुरतं." ते म्हणालं, "बरं." तुला जल्मभर कानीकपाळी वरडून जे कळलं न्हाई, ते त्या माणसाला एका वाक्यात कळलं बघ.

मॅडम आल्यात तराफ्यावरनं. आत विहीर भरून घेतलीया, आतलं-बाहेरलं पाणी एका पातळीला आलंय, म्हणत्यात. आता माझ्या व्हय-न्हाईवर हाय. वैनीचा पदर खिशात हाय.

जातो.

*

आलो वर, म्हाद्या. प्लेट निघाली.

सांगतो सगळं. आधी चिंधी धरली. लांबनं, मग जवळनं, प्लेटीच्या कडंनं फिरवली. बोटानं चाचपून बघितली, दुपारच्या वाळवणागत गप लोंबत हुती. ओढ न्हाई. मग पाना लावला. पयला बोल्ट सुटला. कानात मॅडम, "दस्तगीरभाई, ठीक?" मी म्हणलो ठीक. दुसरा सुटला. गाळ बराच साचलाय, पण हाताला वाट ठावं हाय. बोल्ट सुटत गेलं. पाना एकदा बी निसटला न्हाई. कुणी मधी इचारत न्हाई, कुणी झटकं देत न्हाई. दोरी नुसती सोबतीला हाय, शहाण्या माणसागत. एवढं निवांत काम मी कधी केलं न्हाई. जल्मभर ह्येच मागत हुतो की तुझ्याजवळ.

शेवटच्या बोल्टाला पाना लावला. जोर लावायच्या आधी थांबलो. कशाला थांबलोय ते मलाच कळंना. पाना नीट बसला हुता. हात तयार हुता. तरी मी थांबून राहिलो, आन् मग लक्षात आलं. तुझा झटका यायची वेळ हुती ती. पाना बसला की तू इचारायचास. मी वाट बघत हुतो.

आला न्हाई.

हेल्मेटात डोळं पुसता येत न्हाईत, म्हाद्या. पाणी गालावरनं हनुवटीला येतंय आन् तितंच राहतंय. एवढ्या पाण्याच्या खाली मी माझ्या चार थेंबांनी हैराण झालो. कानात मॅडमचा आवाज आला, "दस्तगीरभाई, श्वास जोरात ऐकू येतोय. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक हाय मॅडम. बोल्ट जाम हाय जरा."

बोल्ट जाम नव्हता.

काढला. प्लेटीला साखळी लावली, वर इशारा दिला, क्रेननं ती उचलली. तोंड उघडलं. मोठा आवाज न्हाई, काय न्हाई, पाणी आपलं पाण्याला भेटलं. मी त्या तोंडात हात घालून बघितला. थंडगार हुतं आत. वैनीचा पदर तितंच सोडून दिला. शेरडाची शपथ, मुद्दाम सोडला.

वर आलो तर तराफ्यावर नारळ फुटला, पेढं आलं. मॅडमनी पाया पडाय वाकल्यागत केलं, मी धरलं. पोरीला फोन लावला, तर ती नुसती "अब्बा, अब्बा" करत राहिली. मी हेल्मेट, पट्टा, सगळं काढून मॅडमच्या हवाली केलं. म्हणलो, आता बास.

सर्जेराव एका बाजूला दोरीचं येटोळं घालत हुतं. पेढा घ्यायला आलं न्हाई म्हणून मीच घिऊन गेलो. म्हणलो, "घ्या पावणं, काम झक्कास केलंसा." त्यांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला न्हाई. माझ्याकडं न बघता म्हणालं,

"एक इचारू का? शेवटचा बोल्ट जाम नव्हता न्हवं?"

"का ओ?"

"काय न्हाई. डब्यातनं तुम्ही ठीक म्हणत हुता, ते सगळ्यांनी ऐकलं. पण दोरी बरी लागली न्हाई. वर घ्यावं का म्हणून हात गेलता. तुम्हीच लई इचारू नका म्हणलावता, म्हणून गप बसलो."

म्हाद्या, तो माणूस तुला कधी भेटला न्हाई. त्या दिवसाचं बी त्याला काय ठावं न्हाई. आन् शब्दाला शब्द तोच. मी तितंच पेढ्याचा पुडा घिऊन उभा राहिलो.

त्या दिशी मी ठीक नव्हतो. अम्मीची आठवण आली आन् मी खाली लहान पोरागत रडत हुतो, आन् फोनवर ठीक हाय, ठीक हाय म्हणत हुतो. तू ओढला नसतास तर काय झालं असतं, मला ठावं न्हाई. तू बरोबर हुतास. आज बी मी ठीक नव्हतो. आता ह्या काठावर बसलोय, तरी ठीक न्हाई.

घे, म्हणलो एकदाचं. आता इचार की, म्हाद्या. एकदा इचार.